चित्रातल्या माणसाने आपल्याकडे पाठ केव्हा केली? (रोम, रावेन्ना, पादुआ, फ्लोरेन्स)

लेखन: पायवाट
विभाग: कला आणि इतिहास

गेल्या सप्टेंबरात आईला घेऊन इटलीला जाऊन आले. आईने तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना शेकडो मुलं बसवली, पण पाश्चात्त्य चित्रं तिने छापील पुस्तकांतच पाहिली होती. परत आल्यावर प्रवासवर्णन लिहायला घेतलं आणि दर वेळी एकाच प्रश्नापाशी अडकले. म्हणून वर्णन बाजूला ठेवून तो प्रश्नच इथे मांडते.

रोममध्ये कलोसियमच्या शेजारी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची कमान आहे. सगळी गर्दी कलोसियमच्या रांगेत होती. आई कमानीच्या कुंपणाला धरून उभी राहिली ती अर्धा तास हललीच नाही. मग म्हणाली, "वरची गोल शिल्पं आणि त्यांच्या खालची पट्टी एका हातची नाही गं. खालच्या मुलाला मी पुन्हा काढायला लावलं असतं."

तिला कुणी काहीही सांगितलेलं नव्हतं. कमान इ.स. ३१५ ची. त्याआधी तीन वर्षं मिल्वियन पुलापाशी प्रतिस्पर्धी मॅक्सेंटियसला हरवल्याबद्दल रोमच्या सिनेटने ती कॉन्स्टंटाइनला अर्पण केली. पण तिच्यावरची बरीच शिल्पं ट्रेजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस यांच्या जुन्या स्मारकांवरून काढून आणलेली आहेत. गोल शिल्पं हेड्रियनच्या काळातली, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं आधीची. शिकारीचे आणि देवाला बळी देण्याचे प्रसंग. घोडा वळतोय, माणसाचं अंग मुरडलंय, वस्त्राच्या चुण्यांवरून आतला गुडघा कुठे आहे ते कळतं. त्याच्या खालची अरुंद पट्टी मात्र कॉन्स्टंटाइनसाठी नव्याने कोरलेली. ठेंगणी माणसं, मोठी डोकी, सगळी एका रांगेत. चुण्या म्हणजे दगडात ओढलेल्या सरळ रेघा. पैसे वाटण्याच्या प्रसंगात सम्राट बरोबर मध्यभागी, समोर तोंड करून, इतरांहून मोठा, आणि दोन्ही बाजूंची माणसं त्याच्याकडे वळलेली.

दोन्ही एकाच भिंतीवर, एकाखाली एक. दोनशे वर्षांत नेमकं काय झालं? कारागीर विसरले?

१५५० साली वाझारी या चित्रकाराने इटालियन कलाकारांची चरित्रं प्रसिद्ध केली, तेव्हा त्याचं उत्तर साधारण हेच होतं. प्राचीन कला शिखरावर होती, मग ती कोसळली, चीमाबूए आणि जॉत्तो या चित्रकारांनी तिला उठवलं आणि मायकेलएंजेलोने पुन्हा शिखरावर नेलं. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांतही तीच गोष्ट उतरली. मीही तीच घेऊन गेले होते. रावेन्नात ती डळमळली.

रावेन्नात गाला प्लासिदिया या रोमन सम्राज्ञीची समाधी म्हणून ओळखली जाणारी विटांची छोटी इमारत आहे, साधारण इ.स. ४२५ ते ४५० मधली. बाहेरून कुणी वळूनही बघणार नाही. आत गेलं की निळ्या छतावर सोनेरी तारे. दरवाजाच्या वर मोझेकमध्ये (म्हणजे काचेचे, दगडाचे छोटे तुकडे जडवून केलेल्या चित्रात) मेंढपाळाच्या रूपातला ख्रिस्त आहे: खडकावर बसलेला, पाय एकमेकांवर टाकलेले, एक हात लांब करून मेंढीच्या तोंडाला लावतोय. मागे खडक, झुडपं, निळं आकाश. रोमन चित्रकार अजून जिवंत आहे असं वाटावं.

त्याच आवारात, मिनिटभराच्या अंतरावर सान व्हिताले हे चर्च. अभिषेक इ.स. ५४७ चा. वेदीच्या बाजूला सम्राट जस्टिनियन दरबाऱ्यांसह उभा आहे, समोरच्या भिंतीवर सम्राज्ञी थिओडोरा. मागे आकाश नाही, सोनं आहे. सगळे समोर बघतात. पाय जमिनीवर टेकत नाहीत, अधांतरी लोंबतात. शंभर वर्षांत मेंढपाळाची जमीन गेली, सावली गेली, वळलेलं अंग गेलं.

पण मी त्या भिंतीखाली उभी होते तेव्हा काही 'हरवलंय' असं एकदाही वाटलं नाही. सोनेरी काचेचे तुकडे गिलाव्यात सपाट न बसवता थोडे थोडे तिरके खोचलेले आहेत. आपण दोन पावलं सरकलो की भिंतभर प्रकाश सरकतो. ज्यांना हे जमत होतं त्यांना पाय जमिनीवर टेकवता आले नसते, हे मला पटेना. आई खाली बाकावर बसून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "विठोबा वळून उभा राहिला तर दर्शन कसं घेणार?"

मला त्या वाक्याने पुष्कळ दिलं. जस्टिनियन रावेन्नात कधीही आला नाही. ती भिंत म्हणजे त्याची हजेरी होती. हजेरी लावणाऱ्याने समोर बघायचं असतं. वळलेला माणूस दुसऱ्या कुणाकडे तरी बघतो. समोरचा माणूस तुमच्याकडे बघतो. कॉन्स्टंटाइनच्या पट्टीतला मध्यभागी बसलेला सम्राटही तेच करत होता.

तिसरा मुक्काम पादुआ. एन्रिको स्क्रोवेन्यी या श्रीमंत माणसाने बांधलेलं खासगी प्रार्थनागृह, १३०५ मध्ये अभिषेक झालेलं. वडील सावकारीबद्दल इतके प्रसिद्ध की कवी दांतेने आपल्या काव्यात त्यांना नरकात बसवलंय. आत जॉत्तोची भित्तिचित्रं. पंचवीस-पंचवीस लोकांना सोडतात. आधी पंधरा मिनिटं काचेच्या खोलीत बसवतात, आतली हवा बिघडू नये म्हणून, आणि मग पंधरा मिनिटं आत. ही वेळ फारच कमी आहे. मी बाकी सगळं सोडून एकाच चित्रापुढे उभी राहिले, ख्रिस्ताच्या मृत्यूनंतरच्या विलापापुढे.

मेरीने मुलाचं डोकं मांडीवर घेतलंय आणि ती त्याच्या चेहऱ्यात काहीतरी शोधतेय. मागचा खडक तिरका उतरत बरोबर त्या दोन चेहऱ्यांपाशी येतो. वरचे देवदूत अक्षरशः गडबडा लोळल्यासारखे रडताहेत. आणि पुढे, आपल्या अगदी जवळ, दोन जणी जमिनीवर बसल्या आहेत. आपल्याकडे पाठ करून. त्यांचे चेहरे दिसत नाहीत. फक्त वस्त्राचे दोन जड ढीग, आणि त्या ढिगांवरून कळतं की त्या खाली वाकल्या आहेत.

सान व्हितालेत कुणी पाठ करणं शक्यच नव्हतं. इथे दोघी पाठ करतात, त्या क्षणी चित्राला स्वतःचं 'आत' मिळतं. ते आता आपल्याकडे बघत नाही. आपण दारातून डोकावणारे झालो.

शेवटी फ्लोरेन्स, उफ्फीत्सी संग्रहालय. तिथे एका दालनात मेरी आणि बाळाची तीन प्रचंड चित्रं एकत्र लावली आहेत: चीमाबूए (साधारण १२८०-९०), दुच्चो (१२८५) आणि जॉत्तो (साधारण १३१०). दुच्चोचं साडेचार मीटर उंच आहे. तिन्हींत मागे सोनं, तिन्हींत सिंहासन, तिन्हींत देवदूत. चीमाबूएच्या मेरीच्या वस्त्रावर सोनेरी रेघांचं जाळं आहे, त्यामुळे वस्त्र झगमगतं आणि अंग मात्र विरून जातं. दुच्चोच्या मेरीच्या झग्याची सोनेरी कड नागमोडी वळत खाली येते. त्या एका रेघेसाठी मी परत जाईन. आणि जॉत्तोची मेरी बसली आहे. एवढंच. तिचं वजन त्या आसनावर पडलंय, गुडघे पुढे आलेत, पांढऱ्या कापडाखाली छाती आहे. पंचवीस-तीस वर्षांत हे झालं.

तर माझं म्हणणं असं: मधल्या काळातले कलाकार विसरले नव्हते. चित्राकडून लोकांची मागणी बदलली होती, आणि १३०० च्या आसपास ती पुन्हा बदलली. जाणकारांनी मत द्यावं, चुकत असेन तर सांगावं. इथे शिल्पकार आणि चित्रकार आहेत हे ठाऊक आहे, म्हणूनच लिहिलंय.

प्रतिसाद

चुनखडी: आईंना नमस्कार सांगा. कमानीतला फरक न सांगता ओळखणं सोपं नाही.

मी जेजेत शिल्पकला शिकलो. प्राचीन पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून आम्ही महिनोन् महिने रेखाटनं केली. त्या पांढऱ्या प्लास्टरने डोळ्याला जी सवय लावली ती मोडायला मला नंतर दहा वर्षं लागली. ग्रीक संगमरवर पांढरा नव्हता. केस, ओठ, डोळे, वस्त्रांच्या किनारी, सगळं रंगवलेलं असायचं. आज प्रयोगशाळेत त्या रंगांचे अवशेष सापडतात. दुसरं म्हणजे आपण ज्याला 'ग्रीक' म्हणतो त्यातले कितीतरी पुतळे रोमन प्रती आहेत. ग्रीक शिल्पकार पॉलिक्लायटसचा भालाधारी इ.स.पू. ४४० च्या सुमाराचा, ब्राँझचा. तो गेला. नेपल्सला आहे ती पाँपेईत सापडलेली संगमरवरी प्रत. ब्राँझ वितळवून पुन्हा वापरता येतं, म्हणून मूळ पुतळे उरले नाहीत. १९७२ मध्ये कालाब्रियाच्या किनाऱ्याजवळ रियाचेला समुद्रतळातून दोन ब्राँझ योद्धे निघाले तेव्हा कळलं, मूळ काम काय तोलाचं होतं.

अंगाच्या मुरडीबद्दल थोडं. इ.स.पू. सहाव्या शतकातला ग्रीक तरुणाचा पुतळा बघा: दोन्ही पायांवर सारखं वजन, हात अंगाला चिकटलेले, डावा पाय पुढे, इजिप्तच्या पुतळ्यांसारखा. मग इ.स.पू. ४८० च्या आसपास अथेन्सच्या अक्रोपोलिसवरचा तो मुलगा येतो, ज्याला क्रिटियसचा मुलगा म्हणतात. वजन एका पायावर. एका बाजूची कंबर किंचित वर, मान किंचित वळलेली. बस. त्या दोन बोटांच्या फरकातून पुढची सगळी शिल्पकला निघाली. माती घेऊन करून बघा: एका पायावर वजन टाकलं की कंबर, पाठीचा कणा, खांदे, मान, सगळं हलवावं लागतं. एक जागा बदलून भागत नाही. म्हणूनच ही गोष्ट एकदा हातातून गेली की परत मिळवायला फार काळ लागतो.

सरळरेघ: लेख आवडला, पण मुख्य मुद्द्याशी असहमत. 'मागणी बदलली' हे अर्धंच खरं.

इ.स. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत रोममध्ये वीसहून अधिक सम्राट होऊन गेले, बहुतेक मारले गेले. साथी, स्वाऱ्या, नाण्यातली चांदी घसरलेली. अशा काळात मोठी शिल्पं कोण करवून घेणार? दगडकामाची शाळा वर्गात भरत नाही, चालू कामावर भरते. बापाच्या हाताखाली पोरगा, उस्तादाच्या हाताखाली चार पोरं. दोन पिढ्या मोठं काम आलं नाही की साखळी तुटते. कॉन्स्टंटाइनच्या कमानीसाठी जुनी शिल्पं उचलून आणली, त्यात जुन्या चांगल्या सम्राटांशी नातं जोडण्याचा हेतू असेलही. पण तीन वर्षांत एवढी मोठी कमान उभी करायची आणि तेवढे हात शहरात नाहीत, हेही कारण धरायला हवं. पट्टी कोरणारे कदाचित शवपेट्या कोरणारे साधे कारागीर असतील. आईंनी 'पुन्हा काढायला लावलं असतं' म्हटलं ते मला तंतोतंत पटतं.

पायवाट: सरळरेघ, साखळी तुटण्याचा मुद्दा मी पुरेसा धरला नव्हता, मान्य. पण व्हेनिसला सान मार्कोच्या कोपऱ्यावर चार सम्राटांचं जांभळ्या दगडाचं शिल्प आहे, साधारण इ.स. ३०० चं, १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटून आणलेलं. (त्यातल्या एका सम्राटाचं तुटलेलं पाऊल पुढे इस्तंबूललाच सापडलं.) चौघेही ठेंगणे, ठोकळ्यासारखे, एकमेकांना धरून उभे. चेहरे इतके सारखे की कोण कुठला ते सांगता येत नाही. तो दगड इजिप्तहून यायचा आणि कोरायला कमालीचा कठीण. त्यावर काम करणारे साधे कारागीर नक्की नव्हते. चार जणांनी मिळून साम्राज्य चालवायचं ठरवलं होतं, म्हणून चौघे एकसारखे हवे होते. इथे तरी मला हेतू दिसतो.

दूरदेशी: मी हानोव्हरला राहतो. इथून अर्ध्या तासावर हिल्डेसहाइम आहे, तिथल्या कॅथेड्रलचे ब्राँझचे दरवाजे या चर्चेत यायलाच हवेत. १०१५ सालचे. प्रत्येक दार पावणेपाच मीटरच्या आसपास उंच आणि प्रत्येक एकसंध ओतलेलं, तुकडे जोडलेले नाहीत. ज्या काळाला आपण सहज 'अंधारयुग' म्हणतो त्या काळातलं हे ओतकाम.

चौकटींत बायबलचे प्रसंग आहेत. त्यातला एक मी कितीदा पाहिला याची गणती नाही. आदम आणि ईव्हने फळ खाल्लंय, देव जाब विचारायला आलाय. देव आदमकडे बोट दाखवतो. आदम अंग चोरून ईव्हकडे बोट दाखवतो. ईव्ह वाकून खाली सापाकडे बोट दाखवते. शरीरं शास्त्राप्रमाणे चुकीची आहेत, हात काड्यांसारखे, पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी. पण लाज आणि जबाबदारी ढकलणं एका रेषेत वाहत जातं. शिवाय आकृत्यांची डोकी पत्र्यातून बाहेर झुकलेली, सुटी. हे करवून घेणारा बिशप बेर्नवार्ड १००१ मध्ये रोमला गेला होता. ट्रेजनचा स्तंभ त्याने पाहिला असणार, कारण परतल्यावर त्याने तसाच वळसे घेत वर जाणारा ब्राँझचा स्तंभ करवला, फक्त त्यावर ट्रेजनच्या लढायांऐवजी ख्रिस्ताचं चरित्र. म्हणजे प्राचीन नमुना डोळ्यांसमोर होता. त्याने त्यातून स्तंभाची कल्पना घेतली, शरीररचना घेतली नाही. त्याला ती नको होती असंच मला वाटतं.

पहिलीपायरी: खूप माहिती मिळतेय. एक शंका. पाठमोऱ्या आकृत्या जॉत्तोने पहिल्यांदा काढल्या का? नेपल्सच्या संग्रहालयात अलेक्झांडर आणि दारयुशच्या लढाईचं मोझेक पाहिल्याचं आठवतं. त्यात एक घोडा चक्क मागून दिसतो.

पायवाट: तुमचं बरोबर आहे, मी 'पहिल्यांदा' म्हणायचं टाळलं तरी लेख तसाच वाचला जातो. ते मोझेक पाँपेईच्या एका मोठ्या घरातल्या जमिनीवर होतं, १८३१ मध्ये सापडलं. मागून दिसणारा तो घोडा तर आहेच, शिवाय खाली पडलेल्या एका सैनिकाचा चेहरा त्याच्याच ढालीच्या चकाकीत दिसतो. म्हणजे पाठ नवी नव्हती, हजारेक वर्षांनी परत आली. मग ती १३०० लाच का परत आली, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

सरळरेघ: पैसा. पादुआचा सावकार, फ्लोरेन्सचे पेढीवाले, सिएनाचे व्यापारी. शहरं परत उभी राहिली, कामं मिळू लागली, कारखाने पुन्हा भरले.

माजघर: पैशाबरोबर फ्रान्सिस्कन साधूही. संत फ्रान्सिसने १२२३ च्या नाताळात ग्रेच्चो गावी खरा गोठा मांडला, खरा बैल, खरं गाढव, गवत. लोकांनी ख्रिस्तजन्म डोळ्यांसमोर घडताना पाहावा म्हणून. पुढच्या शंभर वर्षांत हे साधू गावोगावी, लोकांच्या बोलीत प्रवचनं करत फिरले. ऐकणाऱ्याला सांगायचं, तू तिथे उभा आहेस असं समज, त्या आईच्या शेजारी बस. क्रुसावरच्या ख्रिस्ताची चित्रं याच काळात बदलली. आधी तो डोळे उघडे ठेवून ताठ, विजयी असायचा. मग डोळे मिटले, मान कलली, अंग ओढलं गेलं. 'तिथे उभं राहायचं' असेल तर चित्रात उभं राहायला जागा हवी. पायवाटांनी लिहिलेल्या त्या दोघी पाठमोऱ्या बायकांशेजारी बसायला जागा आहे, असं मला तरी दिसतं.

चुनखडी: माजघर, उत्तम. त्यात एक दगड माझ्याकडून. पिसाच्या बाप्तिस्मागृहात निकोला पिसानोचं १२६० चं प्रवचनपीठ आहे. त्यातली मेरी रोमन राणीसारखी बसते, भारदस्त, नाक सरळ, डोक्यावरून पदर. कारण शेजारच्याच कॅथेड्रलपाशी फीड्रा या ग्रीक पुराणकथेतल्या राणीची कथा कोरलेली एक रोमन दगडी शवपेटी होती, आजही पिसात आहे. निकोलाने बसलेली फीड्रा उचलली आणि मेरी केली. ती शवपेटी काही त्या वर्षी खणून काढलेली नव्हती. पिढ्यान् पिढ्या लोक तिच्या बाजूने जात होते. 'प्राचीन कला पुन्हा सापडली' असं आपण म्हणतो, ते मला यामुळे अपुरं वाटतं. समोरच होती. उपयोगाची वाटली तेव्हा दिसली.

निळाई: रंगांबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मी जुन्या पद्धतीने टेम्पेरा करते, म्हणजे अंड्याच्या बलकात रंग खलून.

चीमाबूए, दुच्चो, जॉत्तो यांची लाकडी फळ्यांवरची चित्रं टेम्पेरातली आहेत. बलक मिनिटा-दोन मिनिटांत वाळतो. ओल्यावर ओलं मिसळून मऊ सावली करता येत नाही. बारीक कुंचल्याने शेजारी शेजारी रेघा मारत सावली विणावी लागते. म्हणून ती चित्रं रेषेची वाटतात. त्यातही शिस्त जबरदस्त: १४०० च्या सुमारास चेन्नीनो या इटालियन चित्रकाराने लिहून ठेवलंय की तरुण चेहऱ्यासाठी शहरातल्या कोंबडीच्या अंड्याचा फिकट बलक घ्यावा, वृद्ध आणि सावळ्या चेहऱ्यासाठी खेड्यातल्या कोंबडीचा गडद. त्वचेच्या खाली हिरव्या मातीचा थर द्यायचे, त्यावर गुलाबी. गुलाबी झिजलं की हिरवं वर येतं, म्हणून त्या काळातल्या पुष्कळ मेरी आजारी दिसतात. तो चित्रकाराचा दोष नाही, काळाचा आहे.

निळा सगळ्यात महाग. उत्तम निळा लाजवर्द दगडापासून, आणि तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. भित्तिचित्रात ओल्या चुन्यावर रंग लावला की चुना वाळताना रंग भिंतीचाच भाग होतो. एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा रोज लावायचा. पण निळा बहुतेकदा कोरड्यावर, चिकट द्रव्य मिसळून लावावा लागे, आणि तो गळून पडतो. पादुआत ख्रिस्तजन्माच्या चित्रातल्या मेरीचं वस्त्र आठवून बघा. निळं जवळजवळ गेलंय.

मग तेल. उत्तरेकडच्या यान व्हान आइक या चित्रकाराने तेलरंग शोधून काढला असं वाझारीमुळे पसरलं, ते बरोबर नाही. जवसाच्या तेलात रंग खलणं त्याच्याही आधीचं. पण त्याने १४३२ च्या गेंटच्या वेदीचित्रात आणि लंडनला असलेल्या १४३४ च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात पातळ, पारदर्शक थरांवर थर चढवून जे केलं ते आधी कुणी केलं नव्हतं. तेल हळू वाळतं. कुंचला थांबू शकतो, परत येऊ शकतो. कुत्र्याचा केस, पितळेच्या झुंबरावरची खिडकी, मागच्या गोल आरशात अख्खी खोली. इटलीला हे बघून धक्का बसला होता. प्रबोधनाचा विषय निघाला की आपण फक्त फ्लोरेन्सचं गातो, याचं मला वाईट वाटतं. उत्तरेकडे ग्रीक-रोमन पुतळे फारसे नव्हते, तरीही ते तिथे पोचले, डोळ्याच्या आणि तेलाच्या वाटेने.

पायवाट: निळाई, हिरव्या चेहऱ्यांचं कोडं आईला आणि मला दोघींना पडलं होतं. आभार.

पहिलीपायरी: अजून एक विचारू का? जॉत्तोकडे खोली आहे, पाँपेईच्या भिंतींवरही खोटे खांब आणि दालनं रंगवलेली आहेत. मग फ्लोरेन्सच्या ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने यथार्थदर्शन (सपाट चित्रात खरी वाटणारी खोली दाखवण्याची पद्धत) 'शोधलं' म्हणजे नेमकं काय केलं?

चुनखडी: पाँपेईच्या भिंतीवर पट्टी लावून मागे जाणाऱ्या रेषा वाढवून बघा. बहुतेकदा त्या एका बिंदूत मिळत नाहीत, दोन-चार ठिकाणी मिळतात. जॉत्तोच्या घरांचंही तसंच. डोळ्याच्या अंदाजाने केलेलं, आणि अंदाज उत्तम.

ब्रुनेलेस्कीने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला एक प्रयोग केला. फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या दारात उभं राहून समोरचं बाप्तिस्मागृह एका लहान फळीवर काढलं. फळीला बरोबर दृष्टिबिंदूवर भोक पाडलं. बघणाऱ्याने फळीच्या मागच्या बाजूने भोकाला डोळा लावायचा आणि समोर आरसा धरायचा. आरशात चित्र दिसतं. आरसा बाजूला केला की खरी इमारत, आणि दोन्ही जुळतात. आकाश त्याने रंगवलं नाही, तिथे चकचकीत चांदी लावली, म्हणजे खरे ढग तिच्यात सरकताना दिसावेत. फळी हरवली, वर्णन उरलंय. बघणाऱ्याचा डोळा एका जागी खिळवणं ही त्यातली नवी गोष्ट. अल्बर्ती या वास्तुकार-लेखकाने १४३५ मध्ये ती पद्धत लिहून काढली. तिच्या मुळाशी इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाचं प्रकाशशास्त्र आहे, जे अरबीतून लॅटिनमध्ये आलं होतं.

भिंतीवर बघायचं तर फ्लोरेन्सच्या सान्ता मारिया नोव्हेल्ला चर्चमधलं चित्रकार मासाच्चोचं ख्रिस्ती त्रिमूर्तीचं (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) भित्तिचित्र, साधारण १४२७ चं. छताच्या चौकटींच्या रेषा क्रुसाच्या पायथ्याशी, बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला मिळतात. गिलाव्यात ओढलेल्या रेघा अजून दिसतात. भिंतीला भोक पडून पलीकडे दालन आहे असं वाटतं. मासाच्चो १४२८ मध्ये गेला, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. पुढे वाझारीने त्याच भिंतीपुढे नवी वेदी बांधली आणि हे चित्र जवळजवळ तीनशे वर्षं तिच्यामागे झाकलेलं राहिलं. १८६० च्या आसपास पुन्हा बाहेर आलं.

दूरदेशी: त्रिमूर्तीतल्या मेरीकडे कुणी बारकाईने पाहिलंय का? तिच्या मुलाकडे ती बघतच नाही. आपल्याकडे बघते आणि हाताने त्याच्याकडे दाखवते.

सरळरेघ: म्हणजे एवढं सगळं यथार्थदर्शन आल्यावरही कुणीतरी समोर बघतंच.

माजघर: इटलीला जाणं जमणार नसेल त्यांच्यासाठी: जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीखालचा संगमरवरी चौथरा फ्लोरेन्समध्ये जोव्हान्नी बातिस्ता फोज्जिनीने घडवलेला आहे. टस्कनीच्या तिसऱ्या कोसिमो मेदिचीने पाठवला, १६९८ मध्ये इथे उभारला. या धाग्याच्या काळापेक्षा पुष्कळ नंतरचा आहे, पण त्याच शहराचा हात. वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्या सोनारांची.

पायवाट: सगळे प्रतिसाद आज आईला वाचून दाखवले. सरळरेघ, तुमच्या साखळीच्या मुद्द्यावर ती लगेच म्हणाली, "बरोबर. मी निवृत्त झाल्यावर शाळेत चित्रकलेला माणूसच नेमला नाही. पाच वर्षांत तिथल्या मुलांना हात काढता येत नव्हते." म्हणून माझं मत दुरुस्त करते: आधी मागणी बदलली असेल, पण मागणी गेल्यावर हातही गेला. परत आणायचा म्हटल्यावर निकोलापासून मासाच्चोपर्यंत दीडशेहून जास्त वर्षं लागली.

दूरदेशी, त्रिमूर्तीतल्या मेरीचं वाचल्यावर तिने उफ्फीत्सीत काढलेली वही मागवली. तिने तिथे चेहरे काढलेच नव्हते, हात काढले होते. चीमाबूएच्या मेरीचा उजवा हात बाळाकडे दाखवतो. जुन्या बायझंटाइन पद्धतीत तिला 'वाट दाखवणारी' म्हणतात, हे मला परत आल्यावर वाचून कळलं. जॉत्तोच्या मेरीचा हात दाखवत नाही. तो बाळाच्या पायावर टेकलेला आहे, मूल मांडीवरून घसरू नये म्हणून कुठल्याही आईचा टेकलेला असतो तसा. वहीत त्या पानाखाली आईने पेन्सिलीने 'पकड' एवढंच लिहिलंय. तिने परवानगी दिली तर उद्या पानाचा फोटो इथे लावते.